गाडीचे वेळापत्रक आणि मुलांची प्रकृती

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि १ मे १८५४ रोजी तो लोहमार्ग कल्याणपर्यंत खुला झाला, ही हकीकत शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेली असते. परंतु त्या लोहमार्गाच्या आधाराने ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथे जी एक आगळी गृहव्यवस्था पुढील पिढ्यांत आकारास आली, जीत अर्थार्जन मुंबईत आणि बिऱ्हाड मुंबईबाहेर, दिवसाचा उजेड कचेरीत आणि संसार रात्रीच्या तीन-चार तासांत, अशी आयुष्याची वाटणी होऊन गेली, तिचा विचार आपण सहसा प्रवाशांच्या हालांपुरताच करतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटर. जलद गाडी वेळेवर धावली तरी एका बाजूचा प्रवास तासाभराचा; त्यात रिक्षाची रांग, पुलावरची दाटी आणि उतरल्यावर कचेरीपर्यंतची वाट मिळवली म्हणजे दिवसाचे तीन-तीन तास नुसत्या जाण्यायेण्यात खर्ची पडतात. हा खर्च प्रवासी एकटा सोसतो अशी आपली समजूत आहे आणि ती अपुरी आहे. त्यातला एक हिस्सा घरी येतो, आणि ज्याने त्या दिवशी गाडीत पाऊलही ठेवलेले नाही अशा चार-सहा वर्षांच्या मुलाच्या भुकेवर, झोपेवर, पोटावर आणि श्वासावर तो बसतो. तो कोणत्या वाटांनी तेथवर पोहोचतो आणि त्यास आळा कसा घालता येईल, हा या लेखाचा विषय आहे.

ताणाचा शास्त्रीय विचार तसा अर्वाचीनच. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, संकट समोर दिसताच प्राण्याचे शरीर झुंज देण्यास अथवा पळ काढण्यास कसे सज्ज होते, याचे विवरण केले. आणि १९३६ साली माँट्रियल येथे उंदरांवर प्रयोग करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी असे दाखवून दिले की, कारण थंडी असो, इजा असो की विषारी द्रव्य असो, शरीराचा प्रतिसाद पुष्कळ अंशी एकसारखाच असतो आणि तो दीर्घकाळ चालू राहिला तर शरीराचीच झीज होते. मेंदूकडून हुकूम सुटताच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि मागोमाग कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात. हृदय जलद धावते, रक्तातील साखर वाढते, पचनाचे काम तात्पुरते तहकूब होते. हा बंदोबस्त थोड्या वेळापुरता असेल तर हितकारकच होय. कॉर्टिसॉलचे प्रमाण पहाटे चढते आणि रात्रीपर्यंत उतरत जाते, हा त्याचा निसर्गक्रम; परंतु सकाळी गाडीत शिरण्याची धास्ती, दिवसा वरिष्ठांचा तगादा, महिन्याकाठी घरकर्जाचा हप्ता आणि रात्री उद्याची चिंता अशी साखळी अखंड राहिली, म्हणजे पहारा कधी उठतच नाही, आणि रक्तदाब, निद्रा, पचन व रोगप्रतिकारशक्ती या सर्वांवर त्याचा भार पडू लागतो.

प्रौढांच्या बाबतीत हे आपण जाणतो. मुलाच्या बाबतीत प्रश्न वेगळा असा की, त्यास ना कचेरी, ना कर्ज. मग आईबापांच्या शरीरातील हा क्षोभ त्याच्यापर्यंत पोहोचतो कसा? संशोधकांच्या कामाचा एकत्र विचार केला असता याच्या तीन वाटा स्पष्ट दिसतात.

पहिली वाट थेट देहाकडून देहाकडे जाणारी आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात, वर्ष-सव्वा वर्षाच्या बालकांच्या मातांना मुलांपासून दूर नेऊन परीक्षकांपुढे भाषण करावयास सांगितले. काही मातांपुढील परीक्षक प्रसन्न मुद्रेने ऐकत होते, तर काहींपुढील कपाळाला आठ्या घालून, मान हलवून नापसंती दर्शवीत होते. त्यानंतर माता मुलांकडे परतल्या. मुलांनी भाषण ऐकले नव्हते, परीक्षक पाहिले नव्हते. तथापि मातेच्या शरीरात जो फेरफार झाला होता त्याचे प्रतिबिंब काही मिनिटांतच मुलाच्या शरीरात उमटले, आणि ज्यांच्या माता अवमानित होऊन परतल्या होत्या ती मुले अपरिचित व्यक्तीस अधिक टाळू लागली. याच्याही आधी, १९७८ साली, मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला पुढे प्रख्यात झालेला प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात आई मुलाशी हसतखेळत असताना मध्येच काही मिनिटे मुद्दाम निर्विकार मुद्रेने बसते. मूल प्रथम हसून, मग हात पसरून, मग आवाज काढून तिला परत आणण्याचा प्रयत्न करते, आणि तो निष्फळ झाल्यावर मान वळवून घेते किंवा रडू लागते. कामावरून आलेला बाप जेव्हा बूट न काढताच सोफ्यावर बसून मोबाईलच्या पडद्यावर डोळे खिळवतो आणि गुडघ्याशी उभ्या असलेल्या मुलीच्या तिसऱ्या हाकेलाही केवळ हुंकार देतो, तेव्हा त्या घरात जे घडते ते याहून फारसे निराळे नसते.

दुसरी वाट वर्तनाची. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी १९२०-२१ च्या सुमारास जन्मलेल्या आणि १९२९ नंतरच्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा दीर्घकाळचा वृत्तांत मांडला. पुढे १९८० नंतरच्या दशकात शेतीव्यवसाय डबघाईस आला असता आयोवा राज्यातील सुमारे साडेचारशे कुटुंबांचा अभ्यास रँड काँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. या अभ्यासांचे तात्पर्य ठाणे-कल्याणच्या प्रत्येक घरकर्जदाराने ध्यानी घ्यावे असे आहे. पैशाच्या ओढीने मुलांचे जे नुकसान झाले त्यातील पुष्कळसे तुटवड्यामुळे सरळ झालेले नव्हते. तुटवड्यामुळे आईबाप खचले, खचल्यामुळे परस्परांशी भांडू लागले, आणि त्या भांडणाचा शेवट मुलांवरच्या तडकाफडकी शिक्षेत, बोचऱ्या बोलण्यात किंवा पूर्ण दुर्लक्षात झाला. याचा दुसरा अर्थ आशादायक आहे. ओढ तीच, हप्ता तोच, पण मधला दुवा सुटला, तर मुलापर्यंत पोहोचणारा आघात पुष्कळ सौम्य होतो.

तिसरी वाट, जी सर्वांत कमी चर्चिली जाते आणि आपल्या गावांत सर्वांत रुळलेली आहे, ती दिनक्रमाची. २०१२ साली अमेरिकेतील बालरोगविषयक एका मान्यवर नियतकालिकात फिलाडेल्फिया परिसरातील दोन हजारांहून अधिक पालकांच्या माहितीवर आधारलेला निबंध प्रसिद्ध झाला. आजारपण, आर्थिक ओढाताण, एकट्याने मूल वाढविणे, अशा ताणकारक गोष्टी पालकांच्या वाट्याला जितक्या अधिक, तितके मुलांत स्थूलतेचे प्रमाण अधिक आढळले; आणि जे पालक स्वतःस अधिक ताणाखाली समजत होते त्यांची मुले विकतचे झटपट खाणे अधिक वेळा खात होती. हे आकडे परदेशचे असले तरी त्यामागील यंत्रणा समजण्यास परदेशी जावयास नको. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मुंबईहून सुटलेल्या कल्याण लोकलच्या लेडीज डब्यात मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडणारी, गवारीच्या शिरा काढणारी स्त्री पाहावी. तिच्या हातांना त्या गर्दीतही उसंत नाही, कारण पोहोचल्यावरचा एकेक क्षण तिने आधीच मोजून ठेवलेला आहे: स्थानकाबाहेर दूध, पाळणाघरातून मूल, मग कुकर. गाडी वेळेवर असेल तर हे गणित जेमतेम सुटते. दिवा स्थानकापाशी ती वीस मिनिटे खोळंबली तर भाजी राहते, पोळीभाजी केंद्राचा दरवाजा लागतो, आणि पाळणाघरात सहा वाजताच भुकेजलेले मूल मधल्या वेळेत बिस्किटांचा पुडा आणि वेफर्स यांवर निभावून नेते. मग रात्री साडेनऊला ताट पुढे आले की त्यास भूक नसते; आई दमलेली, बापाची गाडी अजून ठाण्यास; अखेर मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला जातो आणि चित्रांकडे पाहत उघडलेल्या तोंडात घास जातात. त्या मुलास चव, पोट भरल्याची जाणीव आणि समोर बसलेले माणूस या तिन्हींचा एकाच वेळी विसर पडतो. ही सवय मुलाने निवडलेली नसते आणि आईनेही निवडलेली नसते. ती उरलेल्या वेळाने त्या दोघांवर लादलेली असते.

झोपेचा हिशेब याहून कडक आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, असा निद्रातज्ज्ञांचा निर्वाळा आहे. बाप रात्री दहाला येतो, त्याला पाहिल्याशिवाय मूल झोपत नाही आणि त्यानेही ते झोपू नये असे बापास वाटते, कारण दिवसातली तेवढीच भेट. साडेअकराला दिवा मालवला आणि सकाळच्या सत्रातील शाळेसाठी साडेसहाला उठविले, तर हाती सात तास उरतात. म्हणजे अगदी खालच्या मर्यादेपेक्षाही दोन तास कमी, आणि तेही आठवड्यातून पाच-सहा दिवस. निद्रा अपुरी राहिली म्हणजे भूक व तृप्ती यांचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांचा तोल बिघडतो, गोड व तेलकट खाण्याकडे ओढ वाढते, वर्गात चित्त लागत नाही आणि क्षुल्लक कारणाने रडू फुटते. मग त्याच मुलाविषयी शाळेतून तक्रार येते, ती वाचून आईबापांचा ताण वाढतो, आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरू लागते.

या ताणाची कैफियत मूल शब्दांनी मांडू शकत नाही. ते शरीराने मांडते. सकाळी दप्तर पाठीला लावताना, दारातच ओणवे होऊन, बेंबीभोवती हात फिरवीत “आई, पोट दुखतंय” असे सांगणारे मूल कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या ओळखीचे असते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत दर दहांतील किमान एका मुलास असे वारंवार पोट दुखण्याचा त्रास होता. अशा दुखण्याच्या मुळाशी आतड्याचा किंवा अन्य अवयवाचा रोग क्वचितच सापडतो, आणि अशा मुलांच्या घरांत डोकेदुखी, पोटदुखी व मानसिक अस्वास्थ्याच्या तक्रारी इतर घरांपेक्षा अधिक असतात, असे त्यांनी नोंदविले. येथे एका गैरसमजाचे निवारण केले पाहिजे. रोग सापडला नाही म्हणजे दुखणे खोटे, असे मुळीच नाही. मेंदू आणि आतडी यांमध्ये मज्जातंतूंचे दाट दळणवळण आहे आणि भीतीने पोटात खरोखर कळ येते. मात्र वजन घटत असेल, कळेने मूल झोपेतून जागे होत असेल, शौचातून रक्त जात असेल, वारंवार उलट्या किंवा ताप येत असेल, तर ताणाचे निमित्त न करता तत्काळ वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. तशी लक्षणे नसतील तर औषधाच्या बाटलीपूर्वी घरातील गेल्या महिन्याभराचा वृत्तांत आठवून पाहावा.

श्वासाच्या बाबतीतील एक निष्कर्ष तर आपल्या परिसरासाठीच काढला असावा असे वाटते. दक्षिण कॅलिफोर्नियातील पाच ते नऊ वर्षांच्या, दमा नसलेल्या मुलांवर काही वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. वाहनांच्या धुराने दमा जडण्याचा धोका वाढतो हे ठाऊक होते. परंतु ज्या घरांत पालकांवरील ताण अधिक, त्या घरांतील मुलांना त्याच धुराची बाधा अधिक होते, असे या अभ्यासात दिसून आले. घोडबंदर रस्त्यावर किंवा शीळफाट्यावर तासन् तास खोळंबलेली वाहतूक, रस्त्यांच्या आणि मेट्रोच्या कामांची धूळ, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीलगतची हवा, यांचा विचार आपण पर्यावरण खात्याचा मामला म्हणून करतो आणि आईबापांच्या चिडचिडीचा विचार घरगुती मामला म्हणून करतो. मुलाच्या फुप्फुसात या दोन्ही मामल्यांची सुनावणी एकत्रच होते.

एवढे वाचून कोणी आई स्वतःस अपराधी ठरवू लागेल, म्हणून दोन मर्यादा स्पष्ट करतो. एक, वरील बहुतेक अभ्यास साहचर्य दाखवितात; ताण असलेल्या प्रत्येक घरातले मूल आजारी पडते, असे त्यांतील एकही म्हणत नाही. दोन, ताणाच्याही पायऱ्या आहेत. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आन्डा यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात बालपणीच्या ज्या आघातांचा संबंध प्रौढपणीच्या हृद्रोगासारख्या व्याधींशी जोडला गेला, ते आघात मारहाण, अत्याचार, घरातील व्यसनाधीनता अशा जातीचे होते. गाडी चुकल्यामुळे एखाद्या संध्याकाळी चढलेला आवाज त्या सदरात मोडत नाही. उलट, हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशके घेतला, तेव्हा दारिद्र्य, कलह आणि आजार यांनी ग्रासलेल्या घरांतील मुलांपैकीही सुमारे एकतृतीयांश मुले कर्ती, स्थिरचित्त माणसे झाल्याचे आढळले. आणि त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी स्थिर, मायेचे मोठे माणूस होते, मग ती आजी असो, शिक्षक असोत वा शेजारी. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, किंवा ज्यांना मूल स्वतः होऊन सकाळी बिलगते अशा पाळणाघराच्या काकू लाभल्या आहेत, त्यांनी ही माणसे म्हणजे केवळ सोय मानू नये. ते मुलाच्या प्रकृतीचे संरक्षण आहे.

मग घरात करावे काय? उपदेशांची लांबलचक यादी ही पुन्हा नवा ताणच ठरेल. म्हणून चारच गोष्टी सुचवितो. घरात पाऊल ठेवल्यावरची पहिली दहा मिनिटे मुलाची, मोबाईल पिशवीतच राहावा. मुलाच्या जेवणाची आणि झोपेची वेळ उशिरा येणाऱ्याच्या गाडीला बांधू नये. बापाची भेट सकाळच्या अर्ध्या तासात हलवावी, शाळेच्या बसपर्यंत त्यानेच सोडावे, आणि डबा भरण्यात व रात्रीच्या स्वयंपाकात त्याने आपला निम्मा वाटा उचलावा, कारण बहुतेक घरांत ताणाची वाटणी पगाराच्या वाटणीपेक्षाही अधिक विषम आहे. तिसरी गोष्ट, मन थाऱ्यावर नसेल तर ते लपवू नये. “आज गाडीत फार गर्दी होती, मी दमले आहे, तुझ्यावर रागावलेली नाही” एवढे सरळ वाक्य चार वर्षांच्या मुलासही कळते, आणि न सांगितल्यास ते मूल घरातील प्रत्येक आठीचे कारण स्वतःतच शोधत बसते. चौथी आणि सर्वांत मोलाची गोष्ट समेटाची. ट्रॉनिक यांच्याच पुढील कामातून असे दिसले की प्रेमळ आई आणि मूल यांचेही सूर पुष्कळ वेळा चुकतात. मुलाचे स्वास्थ्य सूर कधीच न चुकण्यावर नव्हे, तर चुकलेले सूर पुन्हा जुळण्यावर अवलंबून असते. रागावल्यावर झोपण्यापूर्वी जवळ घेऊन “मघाशी माझा आवाज चढला, ते चुकलं” असे म्हणणाऱ्या पालकाचा अधिकार कमी होत नाही.

आणि जेथे हे आपल्याच्याने होत नाही, तेथे मदत मागण्यात कमीपणा नाही. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे; पण रोग जडण्यापूर्वीच मनाच्या आरोग्याची काळजी घ्यावी, हा विचार सामान्य मध्यमवर्गीय घरांपर्यंत नेण्याचे काम डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेने मोठ्या चिकाटीने केले आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या, विनामूल्य बोलता येते.

परंतु सगळा भार घरांवर टाकून समाजाने मोकळे होणे न्यायाचे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी पालकांवरील ताण हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे अधिकृत सूचनापत्रच काढले. आपल्याकडेही तो तसाच पाहिला पाहिजे. ठाणे ते दिवा या टप्प्यातील पाचवी व सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये खुली झाली, आणि तरीही ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडून प्राणांस मुकले. त्या दिवशी या पट्ट्यातील किती घरांत मुले संध्याकाळपर्यंत दाराकडे डोळे लावून बसली असतील! २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी टाकली, ही स्तुत्य गोष्ट होय; परंतु सकाळी आठच्या गर्दीत डोंबिवलीची कोणती आई दोन वर्षांचे मूल कडेवर घेऊन मुंबईतील कचेरीच्या पाळणाघरापर्यंत पोहोचू शकेल? या पट्ट्यास पाळणाघर हवे ते घराच्या टोकाशी, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, गाडी उशिरा आली तरी उघडे राहणारे, आणि संध्याकाळी साडेसहाला मुलास ताजे, गरम अन्न देणारे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम आरंभिले ते याच न्यायाने, की मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे. त्याच जिल्ह्याच्या महानगरपालिकांनी हा दाखला समोर ठेवून स्थानकालगतच्या पाळणाघरांची तजवीज केली, आणि कचेऱ्यांनी कामाच्या वेळा पुढेमागे करून गर्दीची विभागणी केली, तर बालआरोग्यावर केलेला तो खर्चच ठरेल.

आणि तोवर बालरोगतज्ज्ञांना एक विनंती. मुलाचे वजन आणि उंची नोंदविण्याच्या कागदावर आणखी एक प्रश्न असावा: घरी कोण किती वाजता येते? त्या उत्तरात पुष्कळदा अर्धे निदान सापडेल, आणि उत्तर देणाऱ्या आईबापांनाही प्रथमच कळेल की, त्यांच्या थकव्याची चौकशी हा मुलाच्या उपचाराचाच भाग आहे.